फणसेकाकांची पाठ

फणसेकाका आमच्या घरातून कधी सरळ बाहेर पडले नाहीत. म्हणजे चहा पिऊन झाला, कपबशी टीपॉयवर ठेवली की ते उठायचे, हात जोडायचे आणि तोंड माझ्याकडे ठेवून उलटे चालत दाराकडे निघायचे. वाटेत चपलांचा स्टँड होता. त्याच्यावर ते दर खेपेला आदळायचे. मग त्या स्टँडला "सॉरी" म्हणून उलटेच उंबरा ओलांडायचे आणि उलटाच जिना उतरू लागायचे. दुसऱ्या मजल्यावरून. साठी ओलांडलेला माणूस! म्हणून ते बाहेर पडले रे पडले की मी ताबडतोब दार लावून घेत असे. मी दिसेनासा झालो की त्यांना सरळ तोंडानं जिना उतरता येई. पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं हा ज्या घरात पाहुणचार समजला जातो, असं अख्ख्या मांजलपुरात आमचं एकच घर असावं.

"अहो, हे असे कसे चालतात?" सुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्याच दिवशी विचारलं.

"नवीन सोसायटी आहे," मी म्हटलं. "सवय व्हायची असेल."

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही नुकतेच गावातून मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. फणसेकाका तळमजल्यावर. रंगाच्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले, उंच, काटकुळे, पांढऱ्या शर्टाला अशी कडक इस्त्री की बाहीच्या घडीनं टोमॅटो कापता आला असता. सामान चढवणाऱ्या माणसांच्या मधून वाट काढत ते वर आले, दारावरची 'दिवेकर' ही पाटी वाचली आणि विचारलं, "दरबारच्या दफ्तरातले दिवेकर का?"

माझे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर होते हे खरं. त्यांची सनद, खाली त्यांच्या वळणदार सहीसकट, फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावलेली आहे. ती लावण्यापलीकडे मी त्यांच्यासाठी आयुष्यात काही केलेलं नाही. मी आपला पॉलिटेक्निकमध्ये मास्तर. पण मी "हो" म्हटलं आणि फणसेकाकांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी मला लवून नमस्कार केला आणि ते उलटे निघून गेले. तेव्हा स्टँड लागला नव्हता, म्हणून ते आमच्या फ्रीजवर आदळले.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या वळणाचा माणूस, सगळ्यांशीच असा वागत असेल. छे. खालच्या रमणभाई पटेलांची स्टेशनरीची दुकानदारी, माणूस एकदम मोकळा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मारा घरेथी तो सीधा जाय छे. मने तो रोज पीठ बतावे छे!" त्यांना रोज पाठच दिसत होती. म्हणजे हा मान फक्त आमच्यासाठी राखीव होता. कारण माझे पणजोबा गोलकीपर होते.

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात ते संस्कृतचे पंडित आणि पचनाचे रोगी म्हणून प्रसिद्ध होते. पण फणसेकाका म्हणाले, "नोंद आहे."

'नोंद आहे' हे फणसेकाकांचं ब्रह्मास्त्र. आणि 'मुळापासून सांगतो' ही त्याच्या आधीची सूचना. ही सूचना ऐकल्यावर पळून जाण्यासाठी माणसाला साधारण दोन सेकंद मिळत. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांना पाणीगेट हौशी चेंडू मंडळीच्या स्थापनेची कथा ऐकावी लागली. गॅसवाल्यानं ती खांद्यावर भरलेलं सिलिंडर घेऊन ऐकलेली आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ती काकांची दाढ अर्धी काढलेली असताना ऐकली. ते मला म्हणाले, "तोंडात माझे दोन्ही हात होते हो, तरी मला सगळं कळलं."

तर मुळापासून सांगतो.

विलायतेत तेव्हा राणीचं राज्य होतं. एक गोरा इंजिनिअर इथे रेल्वेचा पूल बांधायला आला. पूल झाला, गोरा गेला, त्याच्या बंगल्यात एक चेंडू राहिला. चामड्याचा, वर दोरी आवळलेली, आत हवेची पिशवी. आता ही वस्तू सरकारजमा कोणत्या खात्यात करायची? बांधकामात, की पशुवैद्यकात, कारण चामडं होतं? दफ्तरात त्यावर फाइल उघडली. आठ महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी वरून शेरा आला: 'खेळून पाहावा.'

"झाली मंडळी स्थापन!" काका टाळी वाजवायचे. "दिवेकर साहेब, जगातले सगळे क्लब कोणाच्या तरी हौशीनं निघाले. आपला हुकमानं निघाला. आणि तरी नाव हौशी! पगार दफ्तरातून, घाम मैदानावर. नोंद आहे."

पाच कारकून, पाच पलटणीतले शिपाई आणि एक वरिष्ठ अशी अकरा माणसं नेमली. सगळ्यात वरिष्ठ ते माझे पणजोबा. त्यांना धावायला लावणं बरं दिसेना म्हणून त्यांना गोलात ठेवलं. आणि कनिष्ठ माणसं समोर असताना वरिष्ठांनी उभं राहायचं कसं? म्हणून गोलात खुर्ची ठेवली. मग मुख्य अडचण पुढे आली. दरबारचा रिवाज असा की वरिष्ठाला पाठ दाखवायची नाही. आता गोलकीपर मागे बसलेला आणि चेंडू न्यायचा पुढे. करायचं काय?

"उलटं खेळायचं!" काका उठून दाखवत. "तोंड आपल्या गोलाकडे, पाय शत्रूच्या गोलाकडे. आणि चेंडू टाचेनं! उलट्या टाचेची किक जगात पहिल्यांदा पाणीगेटबाहेर मारली गेली आहे, साहेब."

"मग ब्राझीलवाल्यांना कळवायला हवं."

"पत्र टाकलंय. उत्तर नाही आलं." मग जरा विचार करून, "लाजले असतील."

पुढे केबल आली आणि वर्ल्ड कप आमच्या हॉलमध्ये दिसायला लागला. एखाद्या खेळाडूनं टाचेनं पास दिला की काका सोफ्यावरून उठून मला नमस्कार करत. मी तो स्वीकारत असे. आपल्याला काय जातंय?

मंडळीची पहिली मॅच रेल्वेच्या गोऱ्यांशी झाली. ती शेवटचीही ठरली.

"किती गोल खाल्ले आपण?"

"मोजायचं थांबवलं. नोंद आहे."

"आणि आपण किती केले?"

"एक." इथे काकांचा आवाज हटकून मऊ व्हायचा. "माझ्या पणजोबांनी. येसाजी फणसे, शिपाई. उलट्या टाचेनं."

"त्याचीही नोंद आहे का?" मी एकदा सहज विचारलं. काकांना ठसका लागला. त्यांनी घड्याळ बघितलं, चहा अर्धा टाकला आणि उलटे निघून गेले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी चपलांचा स्टँड उचलण्यात गुंतलो होतो.

खरी गंमत पुढे आहे. या मॅचमध्ये एका कारकुनाची पगडी पडली. पगडी पडलेली असताना खेळणं कोणालाच शोभण्यासारखं नव्हतं, म्हणून खेळ थांबवला. पगडी सोडून पुन्हा नीट बांधायला वेळ लागतो. तोवर गोऱ्यांची गाडी आली आणि ते तिच्यात बसून निघून गेले.

"म्हणजे मॅच अजून संपलेली नाही," काका विजयी मुद्रेनं सांगत.

"काका, पण आपण हरलोच की!"

"संपली कुठे? संपल्याशिवाय हरू कसे?"

याच तर्कावर मंडळी शंभराहून अधिक वर्षं टिकून होती. नियम असा केला होता की दरवर्षी दसऱ्याला, सूर्य डोक्यावर येण्याआधी, अकरा जणांनी किंवा त्यांच्या वारसांनी मैदानात हजेरी द्यायची. आम्ही तयार आहोत, गोऱ्यांनी केव्हाही यावं! ज्या वर्षी अकरा भरणार नाहीत त्या वर्षी चेंडूतली हवा सोडायची, गोलकीपरच्या वारसानं रजिस्टरात सही करायची, आणि मॅच हरली. हे रजिस्टर काकांच्या कपाटात, लाल रुमालात बांधलेलं, काकूंच्या शालूच्या घडीखाली असायचं. काकू म्हणायच्या, "शालू नंतर आला. हे आधीपासून होतं. मी त्याच्याही नंतरची."

गोलकीपरचा वारस म्हणून मला पहिल्या दसऱ्यालाच धरून नेलं. मैदान पाणीगेट या जुन्या वेशीबाहेर. आता मैदान म्हणण्यापुरतंच. एका बाजूला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बाजूला पार्किंग, आणि उरलेल्या जागेत नऊ दिवस गरबा होऊन गेलेला. दसऱ्याच्या सकाळी तिथे कागदी कप, फुटक्या बांगड्या आणि घागऱ्यांवरून गळलेल्या आरशाच्या टिकल्या विखुरलेल्या असायच्या. मंडपवाल्याची एक प्लॅस्टिकची खुर्ची माझ्यासाठी मांडली जाई. मी तिच्यात बसायचो, हेच माझं खेळणं. समोर दहा वारस ओळीत. त्यात सात पोटं, दोन गुडघ्याचे पट्टे आणि एक रमणभाई. त्यांचे घरमालक न्यू जर्सीला गेले तेव्हा फ्लॅटच्या किल्ल्यांबरोबर मंडळीतली जागाही मुखत्यारपत्रानं रमणभाईंना देऊन गेले होते. पाणीगेटच्या मराठी फुटबॉलमध्ये पटेल असे आले.

चेंडू काका फुगवायचे. तोंडानं. ओळीपासून दहा पावलं लांब, फक्कीनं मारलेल्या रेघेच्या बाहेर उकिडवे बसून. त्यांना दमा होता. चार फुंका, मग छातीवर हात, मग पुन्हा चार. अर्धा तास लागायचा.

"काका, मारी डिकीमां पंप छे," रमणभाई दरवर्षी म्हणत.

"पंप नियमात नाही," काका दरवर्षी म्हणत.

मग रेघेच्या बाहेरूनच ते नावं वाचायचे, आम्ही एकेक करून "हजर" म्हणायचो. एक जण टाचेनं चेंडू मारायचा, तो ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणात जायचा, आणि एकमेकांना आपट्याची पानं देऊन आम्ही फाफडा-जलेबीच्या गाडीकडे वळायचो. खरं सांगायचं तर बरेचसे वारस त्या फाफड्यासाठीच येत. काका मात्र माझ्याकडे तोंड करून अख्खं मैदान उलटं पार करायचे. ते रेघेच्या आत कधी येत नाहीत हे मी पाहिलं होतं. सेक्रेटरी आहेत, जरा रुबाब दाखवत असतील, असं मी धरून चाललो होतो.

वर्षं जात राहिली. घरोघरी फोन आले, मग खिशात फोन आले. स्कूटरी जाऊन मोटारी आल्या. एका वारसाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला, एकानं "आमच्याकडे आता कोणाला वेळ नसतो" असं सरळ सांगितलं. काका मग बसनं, रिक्षानं, पायी हिंडून त्या घराण्याचा दुसरा कोणी भाऊबंद शोधून काढायचे. दसऱ्याच्या आधी महिनाभर त्यांचं हेच चाले. अकरा जमायचे, पण कसेबसे. अकरावे असायचे डभोईचे बापूराव घाडगे. सत्तरीचा माणूस, पहिल्या बसनं यायचा, स्वतःची पगडी पिशवीत घालून आणायचा.

मध्येच काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. काका आमच्याकडे चहाला जास्त यायला लागले, एवढाच फरक मला दिसला. शर्ट तसाच पांढराशुभ्र, इस्त्री तशीच कडक. मी सुधाला सुनावत असे, "बघ, एकटा राहून माणूस कसा टापटीप राहतो! नाहीतर आपल्या घरात मला रुमाल सापडत नाही."

आणि मग तो दसरा आला. बापूराव घाडगे श्रावणात गेले होते. त्यांच्या मुलानं काकांना तोंड भरून सांगितलं होतं, "मी येतो ना, काका. चिंताच करू नका." आम्ही दहा जण जमलो. काकांनी चेंडू फुगवला. त्या वर्षी पाऊण तास लागला. डभोईची पहिली बस आली, दुसरी आली. घाडगे नाही. शेवटी रमणभाईंनी मोबाइल लावला. पलीकडून ढोल-ताशांचा आवाज येत होता. मुलगा शोरूममध्ये होता. नव्या गाडीची डिलिव्हरी, दहा वाजून दहाचा मुहूर्त. "काकांना सॉरी सांगा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी नक्की. गाडीनंच येतो."

ऊन चढत होतं. दहा पोटं सावली शोधत होती.

"काका, कोईने पण ऊभो राखी दो ने," रमणभाई म्हणाले. "पेलो जलेबीवाळो छे." त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं.

"वारस लागतो."

"तो तमे ऊभा रहो!"

"मला नाही उभं राहता येत," काका म्हणाले.

"का? सेक्रेटरीला बंदी आहे का?" मी खुर्चीतून विनोद केला. कोणी हसलं नाही. काका तर मुळीच नाही. त्यांनी एकदा वर सूर्याकडे बघितलं, एकदा डभोईच्या रस्त्याकडे. मग रेघेबाहेर खाली बसले, चेंडू मांडीत घेतला आणि त्याची दोरी सोडायला लागले. लाल रुमालातलं रजिस्टर त्यांनी रेघेवरून माझ्याकडे सरकवलं.

"सही करा, साहेब. शेवटचं पान काढा. हरलो म्हणून लिहायचंय."

मी शेवटचं पान काढलं नाही. इतकी वर्षं 'नोंद आहे, नोंद आहे' ऐकून माझे कान किटले होते, आणि ती नोंद मी एकदाही पाहिली नव्हती. मी पहिलं पान काढलं. सुरेख कारकुनी अक्षर. अकरा नावं ओळीनं. दिवेकर होते, घाडगे होते, सगळे होते. फणसे नव्हते. मी दोनदा वाचलं. मग खाली, वेगळ्या कलमात, हे सापडलं:

'येसाजी फणसे, शिपाई, यांनी चेंडूचे पिशवीस तोंड लावून हवा भरली. इतर कोणी तोंड लावण्यास राजी नव्हते. सबब चेंडू फुगविण्याचे काम यांजकडे वंशपरंपरेने राहील. मात्र चामड्याचे जिनसेस तोंड लाविल्याकारणाने यांनी खेळणारांचे ओळीत उभे राहू नये.'

खाली सही. तीच वळणदार सही, जी आमच्या हॉलमध्ये फ्रेममध्ये आहे. जिच्याखाली बसून काका बारा वर्षं माझ्याकडे चहा पीत होते.

मला शरम वाटली. अशी शरम मला त्याआधी वाटलेली आठवत नाही. पगडी पडली, फाइल उघडली, खुर्ची ठेवली, सगळ्याला मी खदाखदा हसलो होतो. त्या चेंडूत हवा कोणी भरली, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "तो गोल... येसाजींचा?"

काकांनी दोरीचा आणखी एक वेढा सोडला. मग शाळेत कॉपी पकडल्यासारखे ओशाळून हसले. "त्याची नोंद नाही, साहेब. तो मीच घातला. एवढे चेंडू फुगवले त्या माणसानं. एक गोल तर द्यायला पाहिजे ना त्याला."

"मग हे सगळं तुम्ही सांभाळलंत कशाला? ज्यांचा खेळ होता ते सगळे विसरले."

"खेळ तुमचा होता, हवा आमची होती." त्यांनी चेंडू जरा दाबून बघितला. "मी भरली नसती तर कोणी भरली असती?"

मी खुर्चीतून उठलो. बारा वर्षांत हजेरीच्या आधी मी पहिल्यांदाच उठलो होतो, त्यामुळे सगळे जरा दचकले. रमणभाईंना वाटलं, फाफडे आले.

"काका, या रजिस्टरात सही कोणाची चालते?"

"गोलकीपरची."

"दुसऱ्या कोणाला विचारावं लागतं?"

"नाही. तो वरिष्ठ. नोंद आहे."

मी त्यांच्याच खिशातलं पेन घेतलं आणि पणजोबांच्या सहीखाली लिहिलं: 'हे कलम चुकीचे होते. रद्द. अकरावे, मनोहर फणसे.' काका मान वाकडी करून वाचत होते. जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस. म्हणाले, "असं चालत नाही, साहेब. कारण लिहावं लागतं. शेरा पाहिजे."

मग मी शेरा लिहिला: 'खेळवून पाहावे.' आणि सही केली. माझी सही पणजोबांच्या सहीपुढे अगदीच गबाळी दिसत होती, पण चालते म्हणतात.

काका रेघेपाशी आले आणि थांबले. पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. शेवटी ओलांडली. आले ते ओळीच्या टोकाला, शेजारच्यापासून चांगलं हातभर अंतर ठेवून उभे राहिले. शेजारी दातांचे डॉक्टर होते. काकांनीच मागच्या वर्षी त्यांच्यात एका घराण्याचं आजोळ शोधून काढलं होतं. त्यांनी काकांचं कोपर धरून त्यांना ओळीत ओढून घेतलं.

हजेरी मी घेतली. दहा वेळा "हजर" आलं. मग मी वाचलं, "मनोहर फणसे." काहीच आलं नाही. मी वर बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

"जोरथी बोलो, काका!" रमणभाई ओरडले.

"दमा आहे," काका म्हणाले. मग छातीवर हात ठेवून, सगळी उरलीसुरली हवा गोळा करून, "हजर!"

किक अर्थातच त्यांनी मारली. टाच चेंडूला लागली की नाही याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. चेंडू हलला एवढं नक्की. दोरी अर्धवट सुटल्यामुळे तो बसला असेल असं डॉक्टरांचं मत. मी रजिस्टरात 'गोल' लिहिलं. त्याच्याखाली येसाजींचाही एक लिहून टाकला. कोणी विचारलं तर आता सांगता येईल.

निघताना काका सवयीनं मागे सरकू लागले. मी म्हटलं, "थांबा. तुम्ही उभे राहा." आणि मी उलटा चालायला लागलो. तोंड काकांकडे, पाठ पार्किंगकडे. मी का चालतोय ते डॉक्टरांना कळलं, तेही निघाले. मग सगळेच. सात पोटं, गुडघ्याचे पट्टे, आम्ही दहा जण अख्खं मैदान उलटं पार करत होतो आणि गाड्यांवरची माणसं हॉर्न वाजवायचं विसरून बघत होती. काका मैदानाच्या मधोमध चेंडू पोटाशी धरून उभे. "साहेब, खड्डा! डावीकडे खड्डा!" ते ओरडत होते. रमणभाई खड्ड्यात गेलेच. पण तोंड काकांकडे ठेवूनच गेले.

नंतरच्या रविवारी काका चहाला आले. सनदीखाली बसले. मी ती फ्रेम काढून ठेवायचं म्हणत होतो, पण त्यांनी काढू दिली नाही. म्हणाले, "राहू दे. त्यांनी शेरा नसता मागवला तर चेंडू पशुवैद्यकात गेला असता." चहा संपला. कपबशी टीपॉयवर ठेवून ते उठले, हात जोडले, आणि मी सवयीनं चपलांचा स्टँड बाजूला घेतला.

काका वळले आणि सरळ चालत दाराकडे गेले.

इतक्या वर्षांत मी त्यांची पाठ पहिल्यांदाच बघत होतो. ती चांगलीच वाकलेली होती. समोरून ते ताठ दिसत. आणि शर्ट मागच्या बाजूनं सगळा चुरगळलेला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत नुसत्या सुरकुत्या. पुढच्या बाजूला ती कडक, टोमॅटो कापणारी इस्त्री, आणि मागे काहीच नाही. कॉलरखाली एक शिवण उसवून तिथे सेफ्टीपिन लावलेली. स्वतःचा हात मागे जेवढा पोचतो तेवढ्यात, वाकडीतिकडीच लागली होती ती.

सुधा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पाठीमागे इस्त्रीच नाही त्यांच्या."

काकू गेल्यापासून घरात सांगणारं कोणी नव्हतं. आणि आम्हाला त्यांनी कधी पाठ दाखवली नव्हती.

काका जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबले. दार लागल्याचा आवाज आला नाही म्हणून असेल. न वळताच त्यांनी विचारलं, "काय झालं, साहेब?"

"काही नाही, काका," मी म्हटलं. "उद्या शर्ट वर पाठवा सगळे. आमच्याकडे इस्त्रीवाला येतो."

मी दार लावलं नाही. ते खाली पोचेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.